ग्रामीण काउंटीतला ओडब्ल्यूआय खटला शोधताना : विस्कॉन्सिनमधील वाचकांची प्रश्नोत्तरे

मद्यप्राशन करून वाहन चालवण्याच्या गुन्ह्याला विस्कॉन्सिन राज्यात ओडब्ल्यूआय म्हणतात. या खटल्यांच्या नोंदी जनतेला खुल्या असतात, पण त्या कोणत्या कचेरीत पडून आहेत हे ठाऊक नसले की माणूस उगाच हेलपाटे घालतो. या वेळचे चारही प्रश्न त्याच घोळातून आलेले आहेत.

प्रश्न : मी मॅडिसनमध्ये शिकतो. मित्रांबरोबर उत्तरेकडच्या एका काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) गेलो असताना तिथल्या गावच्या पोलिसाने ओडब्ल्यूआयचे तिकीट (चलान) दिले. राज्याच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर माझ्या नावाने काहीच निघत नाही. खटला दाखलच झाला नाही असे समजू का?

उत्तर : असे मुळीच समजू नका. लोक ज्याला 'सीकॅप' म्हणतात त्या संकेतस्थळावर राज्यातील ७२ काउंट्यांच्या सर्किट कोर्टांतले (काउंटी पातळीवरच्या राज्य न्यायालयांतले) खटले दिसतात आणि ते पाहायला पैसे लागत नाहीत. मात्र गावांची आणि शहरांची म्युनिसिपल कोर्टे त्यात येत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये पहिला ओडब्ल्यूआय हा साधारणपणे फौजदारी गुन्हा नसून दंडाचा दिवाणी मामला असतो, त्यामुळे तो म्युनिसिपल कोर्टातही चालू शकतो. शेरीफच्या म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या माणसाने पकडले असेल तर प्रकरण सहसा सर्किट कोर्टात जाते. गावच्या पोलिसाने पकडले असेल तर आधी म्युनिसिपल कोर्टाची शक्यता धरावी.

तुमच्या हातातले तिकीट नीट वाचा. त्यावर कोर्टाचे नाव, पत्ता आणि हजर राहण्याची तारीख छापलेली असते. ग्रामीण भागात दोन-तीन गावे मिळून एकच म्युनिसिपल कोर्ट चालवतात आणि तिथला कारकून रोज दिवसभर बसतोच असे नाही, म्हणून जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी. तिकिटावर सर्किट कोर्टाचेच नाव असेल, तर काउंटीच्या मुख्य गावी असलेल्या 'क्लर्क ऑफ सर्किट कोर्ट' यांच्या कार्यालयात चौकशी करा. व्हायलस काउंटीसाठी ते ईगल रिव्हरला, फॉरेस्टसाठी क्रँडनला, आयर्नसाठी हर्लीला आहे. तिकीट दिल्यावर त्याची नोंद चढायलाही काही दिवस जातात. संकेतस्थळ कोरे दिसले म्हणून तारीख चुकवलीत, तर गैरहजेरीत निकाल लागेल.

प्रश्न : माझ्या नावावर एकाच रात्रीचे, लागोपाठच्या क्रमांकांचे दोन खटले दिसतात. एकात दोषी ठरवले आहे, दुसरा रद्द झाला आहे. वकिलाने सांगितले की हा गुन्हाच नाही. मग नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावर भारतात जाऊन यायला अडचण काय?

उत्तर : आधी ते दोन खटले समजून घेऊ, कारण ही नोंद वाचताना बहुतेकांची फसगत होते. पोलीस सहसा दोन तिकिटे फाडतात : एक नशेत गाडी चालवल्याबद्दल, दुसरे रक्तातील अल्कोहोल मर्यादेबाहेर म्हणजे ०.०८ किंवा त्याहून जास्त असल्याबद्दल. दोन्ही आरोप शाबीत झाले तरी शिक्षेसाठी दोष एकच धरला जातो, म्हणून दुसरे तिकीट रद्द केलेले दिसते. केवळ ते पाहून 'सुटलो' असा अर्थ काढू नये. खटल्याच्या क्रमांकात वर्षानंतर 'टीआर' असेल तर तो वाहतूक-दंडाचा मामला असतो, 'सीटी' असेल तर फौजदारी वाहतूक गुन्हा, आणि 'सीएफ' असेल तर गंभीर गुन्हा. पहिल्या पानावरच्या एका शब्दावर न थांबता 'कोर्ट रेकॉर्ड इव्हेंट्स' या शीर्षकाखालची तारीखवार यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

आता व्हिसाचे. वकील म्हणतात ते राज्याच्या कायद्यापुरते खरे आहे : गाडीत सोळा वर्षांखालचे मूल नसेल आणि कोणी जखमी झाले नसेल, तर पहिल्या खेपेस १५० ते ३०० डॉलर दंड, त्यावर अधिभार, आणि सहा ते नऊ महिने परवाना रद्द, एवढ्यावर भागते. परंतु अमेरिकेचे परराष्ट्र खाते राज्याच्या या वर्गवारीवर विसंबून राहत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून वकिलातींना अशी सूचना आहे की मागील पाच वर्षांत अशा कारणाने अटक झाली असेल, तर दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. त्याने तुमचे इथले वास्तव्य आपोआप संपत नाही. पण देशाबाहेर पडलात की परतण्यासाठी नवा व्हिसा लागतो आणि त्याआधी वकिलातीच्या यादीवरील डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. तिकीट काढण्याआधी (या वेळी विमानाचे) इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

प्रश्न : सांगलीहून लिहितो आहे. मुलीसाठी विस्कॉन्सिनमधल्या मुलाचे स्थळ आले आहे. त्याच्या नावावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आहे का, हे आम्हाला इथे बसून पाहता येईल का?

उत्तर : पाहता येईल, आणि त्यासाठी कोणाची परवानगी किंवा कारण द्यावे लागत नाही. पण आपल्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग हा मोठा सापळा आहे. एकच देशपांडे कागदोपत्री दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो, वडिलांचे नाव कधी मधले नाव होते तर कधी पहिल्या नावाला चिकटते. म्हणून नुसते आडनाव घालूनही शोधावे आणि जन्मतारीख व गावाचा तपशील जुळल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. नाहीतर दुसऱ्याच एखाद्या पाटलाच्या पापापायी तुमचे ठरलेले लग्न मोडायचे. काही सापडले नाही तर मुलगा निर्दोष, असेही ठरत नाही : म्युनिसिपल कोर्टाचे वर सांगितलेच आहे, शिवाय दुसऱ्या राज्यातील खटला इथे दिसणार नाही. 'पंचवीस डॉलरमध्ये पूर्ण चरित्र' छाप खासगी संकेतस्थळांच्या वाटेला जाऊ नका. माझे प्रांजळ मत विचाराल तर मुलाला सरळ विचारावे.

प्रश्न : नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे. बारा वर्षांपूर्वीचा ओडब्ल्यूआय आता संकेतस्थळावर दिसत नाही. तो सांगायचाच का, आणि कागद कुठून आणू?

उत्तर : सांगायचाच. अर्जात अटकेबरोबर पोलिसांनी दिलेल्या तिकिटांबद्दलही विचारलेले असते, आणि संकेतस्थळावरून नोंद उतरली म्हणून घटना पुसली जात नाही. न्यायालये जुन्या दंडाच्या खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. मात्र विस्कॉन्सिनचा वाहन विभाग १ जानेवारी १९८९ नंतरचे ओडब्ल्यूआयचे दोष चालकाच्या नोंदीत ठेवून असतो, आणि पुढचा खटला झालाच तर तेच मोजले जातात.

निकाल देणाऱ्या कोर्टाच्या क्लर्ककडे पूर्ण नाव, जन्मतारीख, अंदाजे वर्ष आणि असल्यास खटल्याचा क्रमांक लिहून निकालाची प्रमाणित नक्कल मागा. आपल्याकडे तहसील कचेरीत नकलेचा अर्ज करतात तसेच हे काम आहे, फक्त इथे ते टपालानेही होते. सर्किट कोर्टात पानामागे सव्वा डॉलर आणि प्रमाणित करण्याचे पाच डॉलर पडतात. संगणकावरून छापलेले पान चालणार नाही, सही-शिक्का हवा. कागद नष्ट झाला असेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असे कोर्टाचे प्रमाणित पत्र घ्या आणि त्याला वाहन विभागाकडील स्वतःच्या चालक-नोंदीचा उतारा जोडा.

असे दोष दोन किंवा अधिक असतील, तर मात्र आपल्या मनाने अर्ज भरू नका. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी (केंद्र सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) दिलेल्या निर्णयानुसार, ज्या काळातले वर्तन तपासले जाते त्या काळातील असे दोन दोष अर्जदाराच्या सद्वर्तनाविरुद्ध गृहीत धरले जातात, आणि ते खोडून काढण्याचा भार अर्जदारावर पडतो.