टायफॉइडची लस घेतल्याने अँटिबायोटिक रेझिस्टन्सला आळा बसतो का?

हो, पण आडवळणाने. लस जंतूचा रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, काढून टाकत नाही. आजारी पडणारेच कमी होतात, त्यामुळे औषधं कमी लागतात आणि रेझिस्टंट जंतूंचा फैलावही घटतो.

याचं ठळक उदाहरण पाकिस्तानातलं. सिंधमधल्या हैदराबादेत 2016 च्या अखेरीस असा टायफॉइड पसरला की त्यावर इंजेक्शनने दिलं जाणारं अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालेना. तोंडाने घ्यायचं भरवशाचं औषध उरलं एकच, अ‍ॅझिथ्रोमायसिन. नाहीतर मेरोपेनेमसारखी महागडी इंजेक्शनं. 2019 मध्ये पाकिस्तानने नवी कॉन्जुगेट लस (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) नियमित लसीकरणात घेतली, तसं करणारा तो पहिला देश. गंमत म्हणजे ती लस आपल्या हैदराबादची, भारत बायोटेकची! नेपाळ, मलावी आणि बांगलादेशातल्या चाचण्यांत तिने साधारण 80 ते 85 टक्के संरक्षण दिलं. नवी मुंबई महापालिकेने तर 2018 मध्येच 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी मोहीम काढली होती.

आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक टायफॉइडवर जवळपास निकामी झालंय. तरी ताप आला की विडाल ही टायफॉइडची रक्तचाचणी करायची आणि लगेच अँटिबायोटिक सुरू, हे काही थांबत नाही. विडाल बऱ्याचदा फसवी ठरते. शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) करायला सांगा. लहान मुलांच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा; ती 6 महिन्यांनंतर देता येते. पाणी मात्र लस घेतल्यावरही उकळूनच प्या.