स्वस्त तिकीट जमिनीवर तयार होतं: इंडिगो टिकली, बाकीच्या का नाही?

तुम्ही विचारलंय की किंगफिशर, जेट, गो फर्स्ट एकामागून एक बंद पडल्या, मग कमी दरात तिकीट विकणारी इंडिगोच एवढी मोठी कशी झाली, आणि अशा कंपनीचा रोजचा कारभार चालतो तरी कसा. मुंबई विमानतळावर एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत मी बरीच वर्षं रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या भागात, काम केलंय, वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं हाताळली आहेत. त्यामुळे कारभाराची बाजू आधी सांगतो, कारण माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे.

जेवण दिलं नाही, जादा सामानाचे पैसे घेतले, म्हणून तिकीट स्वस्त पडतं असं बहुतेकांना वाटतं. त्याचा वाटा आहे, पण लहान. मोठी बचत होते ती विमान उभं राहण्याच्या वेळेत. विमानाचं भाडं डॉलरमध्ये दर महिन्याला द्यावंच लागतं, मग ते उडो वा न उडो. काळी-पिवळीचा मालक एकच गाडी दिवसा एका ड्रायव्हरला आणि रात्री दुसऱ्याला देतो, त्यामागचं गणितही हेच.

विमान बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, येऊन चाकांना चॉक्स (अडसर) लागले की घड्याळ सुरू. प्रवासी मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दारांनी उतरतात. ते उतरत असतानाच खाली सामान चढवणारे लोडर होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, शिरलेले असतात. तिथे उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून एकेक बॅग हातानं काढायची आणि पुढच्या फेरीच्या बॅगा रचायच्या. मुंबईच्या मे महिन्यात त्या होल्डमध्ये काय उकडतं, ते तिथे काम केलेल्यालाच माहीत. इकडे इंधन भरणं चालू असतं, इंजिनिअर बाहेरून फेरी मारतो, केबिन क्रू सीटच्या खिशांतला कचरा स्वतःच गोळा करतो. मग लोड आणि ट्रिमचा, म्हणजे वजन आणि त्याच्या तोलाचा, हिशेब कॅप्टनकडे जातो, दारं बंद होतात, पुशबॅक म्हणजे विमान मागे ढकलायचं. हे सगळं, म्हणजे टर्नअराउंड, २५ ते ३० मिनिटांत बसवायचं असतं. पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या त्याच आकाराच्या विमानाला सहज पाऊण तास घ्यायच्या.

१५-२० मिनिटांनी काय होतं? एका दिवसात सहा वेळा वाचली तर दीड-दोन तास झाले. तेवढ्यात मुंबई-अहमदाबाद किंवा मुंबई-गोवा अशी आणखी एक फेरी होते. विमान तेच आणि भाडंही तेच, फक्त विकायला १८० च्या वर जागा जास्तीच्या.

मुंबईत हे सर्वात अवघड. इथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तासाला साधारण ४६ विमानांची ये-जा. पाच मिनिटं उशिरा निघालात की रांगेत मागे जाता आणि त्या पाचांची पंचवीस होतात. सकाळचा उशीर मग त्या विमानाबरोबर गावोगाव फिरून रात्री वाढून परत येतो. पावसाळ्यात विजेचा इशारा आला की रॅम्पवरचं काम थांबवावंच लागतं, आणि ते योग्यच आहे.

आता वाढीबद्दल. राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी सुरू केलेल्या इंडिगोचं पहिलं विमान ऑगस्ट २००६ मध्ये उडालं. पण १०० एअरबस ए३२० ची ऑर्डर त्यांनी २००५ मध्येच दिली होती, एकही तिकीट विकलेलं नसताना. एवढ्या घाऊक खरेदीवर घसघशीत सूट मिळते. विमान ताब्यात येताच ते भाड्यानं देणाऱ्या कंपनीला जास्त किमतीला विकायचं आणि तेच पाच-सहा वर्षांसाठी भाड्यानं घ्यायचं. हातात रोकड येते, कर्जाचा डोंगर होत नाही, आणि मोठ्या खर्चाची दुरुस्ती निघायच्या आत विमान परत जातं. नवं विमान कमी बिघडतं, इंधनही कमी खातं. पुढे २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, तोपर्यंतची कुठल्याही कंपनीची सर्वात मोठी. बरीच वर्षं ताफ्यात विमानांची एकच जात होती, त्यामुळे कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर चालायचा आणि सुटे भागही एकाच प्रकारचे लागायचे.

बुडालेल्यांकडे पाहा. किंगफिशरनं कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन घेतली, जेटनं २००७ मध्ये सहारा घेतली. दोघांच्याही पदरात वेगळी माणसं आणि वेगळा दर आला. आलिशान सेवा आणि स्वस्त तिकीट एकाच छपराखाली चालवताना दोन्ही बिघडलं. इंडिगोनं कुणाला विकत घेतलंच नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला. तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईतच उतरलं.

गो फर्स्टचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. वाडिया समूहाची ही मुंबईचीच कंपनी, २००५ मध्ये म्हणजे इंडिगोच्या आधी सुरू झालेली. तीच ए३२०, तोच स्वस्त दर, पुढे इंजिनंही त्याच प्रॅट अँड व्हिटनीची. इंजिनं नादुरुस्त होऊ लागली तेव्हा जवळपास अर्धा ताफा जमिनीवर आला आणि मे २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इंडिगोचीही कितीतरी विमानं उभी राहिली, पण उडणारी त्याहून कितीतरी जास्त होती. म्हणजे काटकसर दोघांकडे होती, फरक पडला तो आकारानं.

एवढं कौतुक केल्यावर एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सगळंच ताणून चालवणाऱ्या यंत्रणेत माणसाची विश्रांती ही बचतीची जागा नाही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणणारे नियम आधीच जाहीर झालेले होते, दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तरी पुरेसे वैमानिक नसल्यानं डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि लोक बॅगांच्या ढिगाऱ्यात अडकले. मग सरकारनं नियमांतच तात्पुरती सूट दिली. मला ते पटलेलं नाही. बाजारातला ६० टक्क्यांहून जास्त वाटा एका कंपनीकडे असेल तर तिनं राखीव वैमानिक ठेवलेच पाहिजेत, मग तिकीट शंभर-दोनशेनं महागलं तरी चालेल. खाली बॅगा उचलणाऱ्या लोडरच्या पाळ्यांनाही मी हेच लावीन, त्यांच्याविषयी तर कुणी बोलतही नाही.

यापुढची वाढ मुंबईपुरती नवी मुंबईत होईल. जुन्या विमानतळावर उड्डाणांसाठी नव्या वेळा जवळजवळ शिल्लकच नाहीत, आणि नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. राज्य सरकारनं २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडमधला विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, त्याचाही उपयोग होईल. पण एकाच शहरात दोन ठिकाणी माणसं, सुटे भाग आणि राखीव विमान ठेवायचं म्हणजे खर्च दुप्पट नाही तरी बराच वाढतो. २५ मिनिटांचा टर्नअराउंड तिथे रोज जमला, तर तिकडून स्वस्त तिकिटं नक्की निघतील.