जवळचा माल आणि प्लॅस्टिकबंदी, एवढ्यानं अन्नाची पुरवठा साखळी शाश्वत होते का?

एवढ्यानं नाही होत. भाजीपाल्याच्या शीतगृहात मी बरीच वर्षं माल उतरवून घेतलाय, त्यामुळे माझं उत्तर जरा तिकडे झुकलेलं असणार.

ट्रक डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. जगभरातल्या ३८ हजारांहून जास्त शेतांच्या आकडेवारीवरून २०१८ साली एक मोठा अभ्यास आला. त्यात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या (हवा तापवणाऱ्या वायूंच्या) उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के निघाला (विमानानं येणारा नाशवंत माल सोडा, तो महागात पडतोच). खरा भार शेतावरच पडतो: जंगल तोडून काढलेली जमीन, जनावरांचा मिथेन, जादा खतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड. त्यामुळे माती तपासून लागेल तेवढंच खत देणं हे ट्रक बदलण्याहून जास्त कामाचं.

आणि एवढं करून पिकवलेलं सडलं, तर सगळंच पाण्यात. पालेभाजीचा क्रेट हाताला वरून गार लागायचा. मधोमध तापमापीची सुई खुपसली की २८ अंश! भर उन्हात तोडून तसाच भरलेला माल. तोडल्यावरही भाजी श्वास घेत असते, आणि दर १० अंशांमागे तो वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. शीतगृह गार माल गार ठेवायला असतं. रचलेल्या ढिगाच्या पोटातली ऊब काढणं त्याचं काम नव्हे. पहाटे तोडणी, लगेच सावली आणि भरण्याआधी प्री-कूलिंग (म्हणजे मालातली ऊब आधीच झटपट काढून टाकणं), एवढं केलं तरी दोन दिवस सहज वाढतात.

प्लॅस्टिकबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे. पातळ वेष्टनानं काकडी जास्त टिकत असेल, तर ते काढण्याआधी वाया किती जाईल ते मोजा. गोण्यांऐवजी परत फिरणारे क्रेट मात्र डोळे झाकून घ्या.

घरातली नासाडीही कमी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतलं.

तुम्ही या धंद्यात असाल, तर आधी परत पाठवलेल्या मालाची वही घाला: वजन, तारीख, कारण. आम्ही घातली तेव्हा वाटलं होतं, कारणाच्या रकान्यात ‘सडका’ भरून येईल. पानंच्या पानं ‘आकार लहान’ निघाली.