प्लेटिंगनंतरची भट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १२.९ ग्रेडच्या (अतिमजबूत पोलादाच्या) ॲलन बोल्टना आम्ही झिंक प्लेटिंग करून घेतो. टॉर्क बरोबर असूनही दुसऱ्या दिवशी काहींची डोकी तुटलेली सापडतात. प्लेटर म्हणतो, बेकिंग केलंय. मग दोष मालाचा का? (भोसरी)

आवळताना टिकलेला बोल्ट काही तासांनी, कुणी हात न लावता तुटला, तर पहिला संशय हायड्रोजनवर घ्या. पिकलिंगच्या (प्लेटिंगआधी गंज काढण्याच्या) आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजनचे अणू पोलादात शिरतात. डोक्याखाली किंवा पहिल्या आट्यात, जिथे ताण जास्त, तिथे ते गोळा होतात आणि तडा वाढत जातो. ८.८ ग्रेडच्या, कमी कठीण बोल्टला ही भीती जवळपास नाही. १२.९ ची कठिणता मात्र ३९ ते ४४ एचआरसी (रॉकवेल कठिणतेचं माप) असते, आणि धोका तिथेच सुरू होतो.

बेकिंग म्हणजे माल भट्टीत तापवून शिरलेला हायड्रोजन बाहेर काढणं. ‘बेकिंग केलं’ एवढ्यावर थांबू नका, भट्टीची नोंद मागा. प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत माल भट्टीत गेला का? तापमान १९० ते २२० अंश सेल्सिअस होतं का? किमान ८ तास मिळाले का? मी स्वतः अशा मालाला २४ तास मागतो, कारण झिंकचा थर हायड्रोजनला सहज बाहेर पडू देत नाही. तास मोजायचे ते माल तापल्यापासून. गच्च भरलेल्या बास्केटच्या मधले बोल्ट फार उशिरा तापतात, आणि गफलत बहुतेक वेळा इथेच होते.

एवढ्या उष्णतेने बोल्ट मऊ पडत नाही, त्याचं टेंपरिंग (कठीण केल्यावर पुन्हा तापवणं) याहून बऱ्याच वरच्या तापमानाला झालेलं असतं. पिवळं पॅसिवेशन (झिंकवरचा गंजरोधक रासायनिक थर) मात्र ६०-७० अंशांपुढे तडकू लागतं. म्हणून आधी बेकिंग, मग पॅसिवेशन.

तुटलेल्या लॉटमधले उरलेले बोल्ट पुन्हा बेक करून वापरू नका. पडलेला तडा भट्टीत सांधला जात नाही, आणि त्या बोल्टखाली कुणीतरी काम करत असतं.

प्रश्न : पंपाच्या शाफ्टवर इलेक्ट्रोलेस निकेल (विजेविना, रसायनाने चढवलेला निकेल-फॉस्फरसचा थर) आहे. ४०० अंशांना तापवलं की थर दुप्पट कडक होतो म्हणतात. करावं का? (कोल्हापूर)

कडक होतो हे खरं. मुळात ५००-६०० व्हिकर्स (कठिणतेचं आणखी एक माप) असलेला थर ४०० अंशांना तासाभरात ९०० च्या पुढे जातो, कारण त्यात निकेल फॉस्फाइडचे बारीक कण तयार होतात. पण त्याच वेळी थर आकसतो, सूक्ष्म भेगा पडतात आणि गंजरोधकता घटते. शाफ्टची झीज वाळूने होत असेल तर तापवा. आम्लधर्मी रसाने तो खाल्ला जात असेल तर १९०-२०० अंशांवरच थांबा, तेवढ्याने थराची पकड सुधारते.

आणि शाफ्टचं पोलाद हार्डनिंगनंतर २०० अंशांना टेंपर केलेलं असेल, तर ४०० अंशांना वरचा थर कडक आणि आतला शाफ्ट नरम होईल. हीट ट्रीटमेंटचा कागद हाती आल्याशिवाय भट्टी पेटवू नका.

प्रश्न : बॉयलरच्या धुराड्याचा जीआय (झिंक चढवलेला) पत्रा सोलपटतोय. प्लेटिंग कमी जाडीचं का?

जाडीचा प्रश्न नाही. सतत २०० अंशांपुढे राहिलं की वरचं शुद्ध झिंक खालच्या लोह-झिंक थरापासून सुटतं. जाड थरही तसाच सुटेल. तिथे ॲल्युमिनाइज्ड (ॲल्युमिनियम चढवलेला) पत्रा घ्या.