पेत्राची तरवार

प्रिय लेकरा,

दुसरा गाल पुढे करणं हा भित्रेपणाच नाही का, असं तू विचारलंस. जगात युद्धं पेटलेली असताना शांतीसाठी प्रार्थना करायची लाज वाटते, असंही लिहिलंस. वाटू दे. ज्यांना ती कधीच वाटत नाही, त्यांच्या प्रार्थना फार गुळगुळीत होतात.

गेथशेमाने बागेत येशूला अटक झाली ती रात्र पुन्हा वाच. त्याचा शिष्य पेत्र याने तरवार उपसली ती प्रभूला वाचवायला. याहून चांगलं कारण कुणाला सापडणार? तरी येशूने ती म्यानात घालायला लावली आणि त्या तरवारीने कापलेला मल्खाचा, म्हणजे महायाजकाच्या दासाचा, कान बरा केला. कारण पवित्र असलं म्हणून हिंसा पवित्र होत नाही, हे तिथेच ठरलं. आपण मात्र ते वारंवार विसरलो. क्रूसयुद्धं तर क्रुसाचं चिन्ह अंगावर मिरवतच लढली गेली.

भित्रेपणाचं म्हणशील, तर जेम्स लॉसन या पाळकाने अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये काय केलं ते बघ. वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून त्याने आधी सराव करून घेतला. काहींनी शिव्या द्यायच्या, धक्के मारायचे; बाकीच्यांनी हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. मे महिन्यात त्यातल्या अनेक उपाहारगृहांनी सगळ्यांसाठी जागा खुली केली. भित्र्याला हे जमलं असतं?

पण दर वेळी असं फळ मिळत नाही. नेदरलँड्समधला डर्क विलेम्स श्रद्धेपायी तुरुंगात पडला होता. तिथून निसटून तो गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा माणूस बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा विलेम्सने मागे फिरून त्याला बाहेर काढलं. त्यामुळे तो पुन्हा पकडला गेला आणि १५६९ मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आलं. मला तो लॉसनपेक्षाही जवळचा वाटतो. मागे फिरताना त्याने निकालाचा हिशेब केला नव्हता, आणि शांतीची आशा धरायची तर ती अशीच धरावी लागते.

पुढच्या पत्रात तू हिटलरचं विचारशीलच. डिट्रिश बोनहोफर हा शांतीचा आग्रह धरणारा जर्मन पाळक हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेला. त्याचा न्याय करायला मी बसणार नाही. पण त्यानेही आपल्या कृतीला पुण्य म्हटलं नाही. दोष पत्करूनच तो त्यात उतरला. प्रत्येक भांडणात त्याचं नाव पुढे करणाऱ्यांपासून मात्र जरा जपून राहा.

सध्या तुझं ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना कर. आणि प्रार्थनेवर थांबू नकोस, या आठवड्यात त्याला भेट. काय झालं ते कळव.

तुझा,
जुना शिक्षक