बॉम्ब डिस्पोजलला नक्की कोणाला जायचंय?

प्रश्न (थोडक्यात): मी सातारा जिल्ह्यातला, वय 40, बीकॉम, पतसंस्थेत नोकरी. तरुणपणी दोनदा भरतीला उतरलो, दीड सेंटीमीटर उंची कमी पडली. मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीला 84 टक्के. आम्ही दोघांनी मिळून 'बॉम्ब पेट्रोल: अफगाणिस्तान' ही बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकावरची सिरीज बघितली, पण त्याचं लक्ष सारखं त्यातल्या रोबोटकडेच. त्याला बॉम्ब डिस्पोजलमधेच घालायचं मी ठरवलंय. तो काही बोलत नाही पण त्याची तयारी आहे. लहानपणी फटाक्यांना घाबरायचा, मी लवंगी हातात धरून फोडायला लावली आणि भीती मोडली. बारावीनंतर यासाठी कुठला कोर्स असतो?

उत्तर: दादा, कोर्सचं नंतर बघू. "तो काही बोलत नाही पण त्याची तयारी आहे" हे वाक्य तुम्ही लिहून गेलात आणि पुढे सरकलात, मी मात्र तिथेच अडकलोय. जो बोलतच नाही त्याची तयारी तुम्हाला कळली कुठून? सतरा वर्षांचा पोरगा बापाशेजारी बसून अख्खी सिरीज बघतो आणि एक शब्द बोलत नाही, याला आपल्याकडे होकार धरतात, मुलींच्या लग्नात धरायचे तसा. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की बोलून उपयोग नाही हे पोराला कळून चुकलंय.

आणि ती लवंगी. तुम्ही अभिमानाने लिहिलंय म्हणून स्पष्टच बोलतो, भीती मोडली वगैरे काही नाही, घाबरलेलं तोंड तुमच्यासमोर दाखवायचं नाही एवढं तो शिकला. ज्या कामात तुम्ही त्याला घालायला निघालात तिथे स्फोटक वस्तू हातात धरून मर्दानगी दाखवणाऱ्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढतील. त्या सिरीजमधे तो जाडजूड बॉम्ब सूट बघितला असेल, पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जातो, छाती, मान, डोकं सगळं झाकतो, पण बोटांनी बारीक काम करायचं असतं म्हणून हात बहुतेक उघडेच राहतात. हे रोज डोळ्यासमोर असलेला माणूस कुठल्याच वस्तूला उगाच हात लावत नाही.

आता गैरसमजाचं. सिनेमामुळे सगळ्यांना वाटतं लाल वायर की निळी, घाम पुसला आणि कापली. तुम्ही बघितली ती सिरीज 2011 सालची, अमेरिकेच्या जी-फोर नावाच्या चॅनेलवर आली, जो मुख्यतः व्हिडिओ गेमवाल्या पोरांसाठीचा चॅनेल होता, तेव्हा थरार कसा रंगवलाय ते त्या हिशोबाने घ्या. पण हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून दिसणारं काम खरं आहे आणि ते नीट बघितलं तर त्यात शौर्यापेक्षा थांबणं जास्त आहे. लांब उभं राहायचं, रोबोट पाठवायचा, तो काय दाखवतो ते बघायचं, परत थांबायचं, आजूबाजूला दुसरा बॉम्ब पुरलेला नाही ना याचा विचार करायचा, आणि शक्य असेल तिथे हात न लावता जागच्या जागी उडवून द्यायचा. अफगाणिस्तानात बॉम्ब बरेचदा प्लॅस्टिकच्या कॅनमधे, धातू जेमतेम, म्हणजे डिटेक्टरही दरवेळी बोलेल असं नाही. आणि ही टीम अमेरिकन नेव्हीची होती हे लक्षात आलं का? ज्या देशाला समुद्रच नाही तिथे नेव्ही. त्यांना डायव्हिंग आणि पाण्याखालचे सुरुंग शिकवलेले असतात, वर चारही दलांचं मिळून एक ट्रेनिंग स्कूल फ्लोरिडातल्या एग्लिन बेसवर आहे, म्हणून कोणीही कुठेही जाऊ शकतं. तिकडे पोरगा भरती होतानाच हे काम मागू शकतो. आपल्याकडे तसं नाही, बारावीनंतर 'बॉम्ब डिस्पोजलचा कोर्स' म्हणून कोणी काही विकत असेल तर पैसे भरू नका. आधी सैन्यात, मग मुख्यतः इंजिनियर्स किंवा ऑर्डनन्स (दारूगोळा सांभाळणाऱ्या) कोअरमधे, मग निवड, मग ट्रेनिंग. आणि एवढं सगळं शिकलेल्या माणसाचाही घात होतो. 2016 च्या जानेवारीत पठाणकोटला एनएसजी कमांडो दलाच्या बॉम्ब पथकातले लेफ्टनंट कर्नल निरंजन गेले ते गोळीबारात नाही, मेलेल्या अतिरेक्याच्या अंगावरच्या ग्रेनेडने.

रस्ते तुम्हाला माहीतच असतील: एनडीए, बारावी पीसीएम आणि जेईई मेनवरून टीईएस (सैन्यातली टेक्निकल ऑफिसरची एंट्री), डिग्रीनंतर ऑफिसर होण्यासाठी सीडीएस परीक्षा, पोलिसांच्या बॉम्ब शोधक-नाशक पथकाला म्हणजे बीडीडीएसला जायचं तर आधी पोलीस.

मला यापेक्षा ते "लक्ष सारखं रोबोटकडेच" महत्त्वाचं वाटतं, जे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. तुम्ही माणूस बघत होतात, पोरगा मशीन बघत होता. त्याला सांगा की असला रोबोट आपल्या पुण्यातही बनलाय, दिघीला डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या लॅबमधे, नाव 'दक्ष', जिने चढतो, साधारण पाचशे मीटरवरून चालवता येतो, संशयास्पद बॅगेचा एक्सरे काढतो. पहिले काही 'दक्ष' सैन्याला मिळाले तेही 2011 च्या शेवटी. तो बनवणारे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर आहेत आणि त्यांच्यामुळे कोणाचे तरी हात वाचतात. पोराला यात पडायचंय का ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, कारण कोणी विचारलेलंच नाही. म्हणून पुढचं पत्र त्याने लिहायचं, एकट्याने, तुम्ही न वाचता पाठवायचं. त्यात "मला एनडीएलाच जायचंय" असं आलं तर मी खुशीने मदत करेन.

राहिलात तुम्ही. पत्र मुलाच्या करिअरचं आहे, पण त्यात उंची तुमची, भरती तुमची आणि ती दीड सेंटीमीटरची ठसठसही तुमचीच. तर तुमचं करिअर मार्गदर्शन: टेरिटोरियल आर्मीमधे, म्हणजे आपली नोकरी सांभाळून सैन्यात काम करायचं त्या दलात, ऑफिसर म्हणून 42 वर्षांपर्यंत अर्ज करता येतो, डिग्री लागते आणि स्वतःची कमाई लागते, दोन्ही तुमच्याकडे आहे. जवान भरतीला आपल्याकडे 168 सेंटीमीटर मागतात, ऑफिसरला 157 च्या आसपास चालतात, म्हणजे ज्या अटीवर तुम्ही गेलात ती इथे आडवी येत नाही. लेखी परीक्षा आहे, एसएसबी म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखती-चाचण्या आहेत, मेडिकल आहे, सोपं अजिबात नाही आणि वय बघता तुमच्याकडे फार तर दोन वर्षं आहेत. पुढची जाहिरात आली की नीट वाचून फॉर्म भरा. इंग्रजी आणि गणिताला पोराची मदत घ्या.