शार्प का येत नाही म्हणून भोक बारीक करत बसू नकोस

अरे, तुझ्या पिनहोल कॅमेऱ्यात (म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोक आणि आत फोटोपेपर, म्हणजे उजेडाने काळा पडणारा कागद, असलेला बंद डबा) फोटो शार्प येत नाही म्हणतोस, पण भोक जितकं बारीक तितका फोटो शार्प हे एका मर्यादेपर्यंतच खरं, त्याच्या खाली गेलास की उजेड कडांवर पसरतो आणि उलट मऊच होतं सगळं. डब्याची खोली (भोकापासून कागदापर्यंतचं अंतर) ५० मिमी असेल तर ०.३ मिमीच्या आसपास ठेव, बास. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा, बारीक सुईने भोक, मग मागची खरखरीत कड पॉलिश पेपरने घास, कारण त्या कडेनेही धूसरपणा येतो. आणि डबा हलला तर काही खरं नाही, मी कठड्यावर ठेवून वर तांदळाची पिशवी ठेवतो (लोक बघतात, बघू देत).

पण खरं सांगू का, लेन्ससारखं शार्प हवं असेल तर मोबाईल आहेच की. मरीन ड्राइव्हला फोटोपेपरवर भर उन्हात पंधरा-वीस सेकंद भोक उघडं ठेवलंस की लाटांचं धुकं होतं, टेट्रापॉड (लाटा अडवणारे काँक्रीटचे ठोकळे) तेवढे घट्ट राहतात, चालणारी माणसं गायबच, फक्त एक बसलेलं जोडपं पुसटसं उरलं होतं माझ्या एका फोटोत आणि तोच मला सगळ्यात आवडतो. तुला काय पुसायचंय ते आधी ठरव, मग भोक पाड.